इंजिनिअरांची संस्था कशासाठी?

सातारा-सांगलीकडच्या माणसाला ‘सोसायटी’ म्हणजे काय, हे सांगावयास नको. गावची विकास सोसायटी पिकावर कर्ज देते. दूध सोसायटी सकाळ-संध्याकाळ दूध घालून घेते. साखर कारखान्याचे आपण सभासद असतो आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जाऊन बसतो. तेव्हा इंजिनिअर लोकांचीही एक सोसायटी असते असे कोणी म्हटले, तर तुम्ही साहजिकच विचाराल, की ही सोसायटी देते काय? ती कर्ज देत नाही, खत देत नाही, ऊस गाळत नाही. मग एवढी शिकलीसवरलेली माणसे वर्गणी भरून एकत्र येतात ती कशासाठी? आणि आली तर आली, आपल्याला त्याचे काय?

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः इंजिनिअर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकविणारा मास्तर. पण या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता ते आपल्या घराच्या आणि शाळेच्या भिंतीपर्यंत येऊन पोचते असे मला दिसले, म्हणून चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आधी नावाचा उलगडा करू. ‘सिव्हिल इंजिनिअर’ यातला ‘सिव्हिल’ म्हणजे मुलकी. पूर्वी युरोपात इंजिनिअर म्हणजे लष्करातला माणूस. किल्ले बांधणे, सुरुंग लावणे, फौजेसाठी पूल टाकणे ही त्याची कामे. पुढे रस्ते, कालवे, बंदरे, पाणीपुरवठा अशी रयतेच्या उपयोगाची कामे वाढली आणि ती करणारा तो मुलकी इंजिनिअर झाला. मराठीत त्याला आपण स्थापत्य अभियंता म्हणतो. म्हणजे जन्मापासूनच हा लोकांचा इंजिनिअर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडेल.

अशा इंजिनिअरांची पहिली नावाजलेली संस्था १८१८ साली लंडनमध्ये स्थापन झाली. आपल्याकडे मराठी राज्य बुडाले तेच हे साल. काही तरुण इंजिनिअर एका कॉफीच्या दुकानात जमले आणि एकमेकांकडून शिकावयाचे असे त्यांनी ठरविले. दोन वर्षांनी त्यांनी टॉमस टेलफर्ड यांना अध्यक्ष केले. हे टेलफर्ड कोण? स्कॉटलंडमधल्या एका मेंढपाळाचा मुलगा. लहानपणी पाथरवटाच्या हाताखाली दगड घडवीत घडवीत तो शिकला आणि पुढे त्याने शेकडो मैलांचे रस्ते आणि मोठमोठे पूल बांधले. गुरुजी, आपल्या वर्गातल्या धनगराच्या पोराला ही गोष्ट अवश्य सांगा.

त्या संस्थेत पद्धत अशी पडली, की एकाने केलेल्या कामावर निबंध वाचावयाचा, बाकीच्यांनी शंका काढावयाच्या, आणि छापताना निबंधाबरोबर त्या शंकाही छापावयाच्या. मला वाटते, सगळी मेख इथे आहे. गवंड्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाते. ती खरी असते, पण घरातच राहते. एखाद्याचा पूल पडला तर तो बिचारा ते कोणाला सांगत नाही. आणि मग तीच चूक दुसरा माणूस दुसऱ्या नदीवर करतो. संस्था म्हणते, ‘बाबा, तुझा अनुभव इथे जमा कर, यशाचा आणि अपयशाचाही.’ आपल्या सोसायटीचे भांडवल पैशाचे असते, या सोसायटीचे भांडवल अनुभवाचे. प्रत्येक सभासदाने आपला अनुभव ठेव म्हणून ठेवावयाचा आणि लागेल त्याने तो उचलावयाचा. व्याज नाही, तारण नाही. अट एकच : हिशेब खरा पाहिजे.

आपल्या देशात सर्व शाखांच्या इंजिनिअरांची मोठी संस्था १९२० साली स्थापन झाली. तिचे नाव इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, मुख्य कचेरी कलकत्त्यास. तिला १९३५ साली राजसनद मिळाली. कॉलेजात जाण्याची ऐपत नसलेल्या, पण कामावर असलेल्या कितीतरी ओव्हरसिअरांनी आणि नकाशे काढणाऱ्यांनी रात्री अभ्यास करून या संस्थेच्या परीक्षा दिल्या आणि ते इंजिनिअर झाले. दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन पाळतो, तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिवशी. ते म्हैसूरचे खरे, पण इंजिनिअरिंग शिकले ते पुण्यात आणि नोकरीला लागले तेही मुंबई इलाख्यात.

आता इंजिनिअरांची संस्था म्हणजे काय नव्हे, तेही सांगून टाकतो. ती पगारवाढ मागणारी कामगार संघटना नव्हे. ती कंत्राटदारांचा संघ नव्हे. ती सरकारी खातेही नव्हे; कोणाला तुरुंगात घालण्याचा तिला अधिकार नाही. फार तर ती सभासदाचे नाव कमी करील. तिचा जोर कायद्याचा नाही, शब्दाचा आहे. मग अशा संस्थेचा उपयोग तो किती, हे पाहावयास लांब जावयास नको. कऱ्हाडहून पाटणमार्गे कोयनानगरला चला.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. थंडीचे दिवस, माणसे गाढ झोपेत. कोयनेच्या खोऱ्यात जमीन हादरली. सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांच्या वर जखमी झाली. माझे आजोळ पाटण तालुक्यातले. आजी आम्हांला त्या रात्रीविषयी फारसे बोलली नाही. पण त्यानंतर तिने अंथरूण घातले ते कायम दाराजवळ. कितीही थंडी असो, आत सरक म्हटले तर सरकत नसे. आम्हां मुलांना त्याचे हसू येई. कारण समजावयास वय वाढावे लागले.

तोवर सगळ्यांची समजूत अशी होती, की दख्खनचे पठार म्हणजे जुना, स्थिर खडक. इथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून थोडे अधिक लांब. ते बांधताना इंजिनिअरांनी भूकंपाचा विचार केलाच नव्हता असे नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे, धरणाच्या वजनाच्या शंभरात पाच हिश्शांइतका आडवा जोर लागेल असे धरून त्यांनी हिशेब केला होता. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात भूकंप मोजण्याचे यंत्रही ठेवलेले होते. त्या पहाटे यंत्राने जो जोर टिपला तो शंभरात पाच नव्हता. धरणाच्या लांबीच्या दिशेने तो शंभरात ६३ होता, आडव्या दिशेने ४९, आणि खालून वर ३४.

धरण उभे राहिले. पण त्याच्या उंच भागांना, वरच्या अंगाला, आडव्या भेगा गेल्या. कोठे गेल्या? धरणाची मागची बाजू जिथे एकदम उतार बदलते, नेमक्या तिथे. कुऱ्हाडीचा दांडा जसा खाचेपाशी मोडतो, तसेच हे. जिथे आकार एकाएकी बदलतो तिथे ताण गोळा होतो. भेगा बुजविण्यात आल्या, पोलादी तारा ताणून माथा आवळण्यात आला, आणि मग मागच्या अंगाने काँक्रीटचे जाड आधार देऊन ते भाग मजबूत करण्यात आले. सांडव्याचा भाग पुढे २००६च्या सुमारास मजबूत केला गेला.

आता संस्थेचे काम पाहा. रूडकीला, म्हणजे पार हिमालयाच्या पायथ्याशी, १९६२ सालीच भूकंपशास्त्राचा विचार करणाऱ्या इंजिनिअरांची आणि शास्त्रज्ञांची एक भारतीय संस्था स्थापन झाली होती. तहान लागल्यावर विहीर खणावयाची ही आपली रीत. इथे विहीर आधी खणलेली होती. कोयनेचा धक्का बसला तेव्हा तो अनुभव जमा करावयास जागा तयार होती. आपल्या धरणाला भेगा गेल्या, ही काही मिरविण्याची गोष्ट नव्हे. झाकून ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण यंत्राची नोंद, भेगांच्या जागा, दुरुस्तीची रीत हे सारे इंजिनिअरांच्या परिषदांतून आणि नियतकालिकांतून उघड मांडले गेले. १९६९ साली दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या सांतियागो शहरी भूकंप-इंजिनिअरांची जागतिक परिषद भरली, तिथे कोयनेवर निबंध वाचला गेला. धरणाला धक्का कसा बसतो हे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपुढेही आज कोयनेचे उदाहरण ठेवतात. ‘शंभरात पाच’ असा ठोकळ हिशेब पुरत नाही, धरण क्षणाक्षणाला कसे डोलते ते मोजावे लागते, हा धडा जगाला मिळाला त्यात आपल्या खोऱ्याचा वाटा मोठा आहे.

देशातही बदल झाला. भूकंपाला तोंड देणारे बांधकाम कसे करावे याचे नियम भारतीय मानक संस्थेने १९६२ साली प्रथम छापले होते. ही सरकारी संस्था, पण तिच्या समित्यांवर बसून नियम लिहिणारी माणसे इंजिनिअरांच्याच वर्तुळातली. १९७० साली त्यांनी देशाचा भूकंप-नकाशा पुन्हा काढला आणि कमी भयाचा समजलेला कोयनेचा मुलूख चौथ्या, म्हणजे जास्त भयाच्या पट्ट्यात घातला. ‘आमचे चुकले’ असे छापून सांगणे सोपे नसते. तपास अजूनही थांबलेला नाही. आपल्या शेतातली बोअर दोनतीनशे फूट जाते. २०१७ साली कोयनेच्या खोऱ्यात गोठणे इथे शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर पाडली, ती भूकंपाची मुळे शोधण्यासाठी. त्यांची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ हजारमाचीला आहे.

इथपर्यंत सगळे ठीक. पण मंडळी, एक गोष्ट राहिली. धरण उभे राहिले म्हणालो. मग माणसे कशाखाली गेली? बहुतेक सारी आपल्याच घरांच्या भिंतींखाली.

आपली जुनी भिंत कशी असते ते आठवा. दीड-दोन हात रुंद. आतून एक दगडी पडदा, बाहेरून एक, आणि मधे चिपा आणि माती. वर्षानुवर्षे ती उभी राहते, कारण तिच्यावर नुसते वजन असते. पण आडवा हिसका बसला, की हे दोन पडदे एकमेकांना धरीत नाहीत. भिंत पोट काढते आणि पुस्तक उघडावे तशी उघडते. कोपऱ्यात दोन भिंतींची गुंफण नसेल तर कोपरा आधी सुटतो. यावर उपाय काही परदेशातून आणावयाचे नव्हते. भिंतीच्या आरपार जाणारा एकसंध दगड, दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांच्या अंतराने घालावा. कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून गुंफावेत. दारे-खिडक्या कोपऱ्याला भिडवू नयेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : दारा-खिडक्यांच्या माथ्यावर, सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा घालावा. पिंपाला लोखंडी कडे असते ना, तसा. कडे आहे तोवर फळ्या सुटत नाहीत.

इमारतींचे असे नियम १९६७ सालीच पुस्तकात छापून निघाले होते. पुढे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. पहाटे किल्लारी हादरली, आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भिंती त्याच. दगड आणि माती, दोन पडदे, वर मातीचे जड धाबे. मधे २६ वर्षे गेली होती. ठेव सोसायटीत सुरक्षित होती. कर्ज गावात पोचलेच नव्हते.

इंजिनिअरांच्या संस्थेवर माझा काही आरोप असेल तर तो हाच आहे. तिचे निबंध इंग्रजीत, सभा मोठ्या शहरांत, पुस्तके महाग. इंजिनिअर इंजिनिअराशी बोलतो. गवंडी त्या खोलीत नसतो, गुरुजी नसतात, सरपंच नसतो. आणि खेड्यातली घरे तर इंजिनिअर बांधीत नाही, गवंडी बांधतो. किल्लारीनंतर सरकारने पुनर्वसनाचे मोठे काम हाती घेतले तेव्हा गवंड्यांना शिकविण्याचे वर्गही निघाले. ते चांगले झाले. पण भूकंप होऊन गेल्यावर वर्ग निघणे आणि आधी निघणे यांत आठ हजार माणसांचे अंतर आहे.

संस्थेचे दुसरे काम आचाराचे. इंजिनिअराचा धनी कोण? जो पगार देतो तो, असे आपण म्हणू. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ साली आपल्या सभासदांसाठी आचारनियम केले, त्यांत भर होता तो मालकाशी आणि एकमेकांशी कसे वागावे यावर. लोकांची सुरक्षितता सर्वांच्या वर, हे कलम त्यांत ठळकपणे आले ते साठ वर्षांनी. उशीर झाला खरा, पण मुद्दा पक्का झाला. सरकार असो की कंत्राटदार, त्याच्या सोयीसाठी कच्च्या कामावर सही करणे हा इंजिनिअराचा अधर्म होय. नकाशावरची सही म्हणजे नुसती शाई नव्हे. त्या छपराखाली झोपणाऱ्या माणसाला दिलेला तो शब्द असतो.

या शब्दाची किंमत मी स्वतः पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी शाळेची एक खोली बांधावयास घेतली होती. थोडा निधी वरून, थोडी लोकवर्गणी. मी सुट्टीला गेलो होतो आणि वर्गणी दिली या हक्काने कामावर डोकावलो. भिंती खिडक्यांच्या वर गेल्या होत्या. देखरेखीवरच्या साहेबांची वहीत सहीही झाली होती. कामावरचा म्हातारा गवंडी मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, कागदावर पट्टा हाय न्हवं? मग भितीत का न्हाई?” मी कागद पाहिला. पट्टा होता. कंत्राटदार म्हणाला, एवढ्याशा खोलीला काय करायचाय. आणि साहेब परातीवर चढून बघायला आलेच नव्हते. गावात बैठक झाली, आठ दिवस काम थांबले, वरचे दोन थर उतरवले आणि पट्टा पडला. खर्च किती? थोड्या सळया, थोडी सिमेंटची पोती.

मी त्या गवंड्याला विचारले, “मामा, हे तुम्हांला कोणी सांगितलं?” तो तरुणपणी कोयनेच्या भूकंपानंतरच्या घरबांधणीवर कामाला होता. तिथल्या कुणा इंजिनिअराने उन्हात उभे राहून, मातीत काडीने रेघ ओढून त्याला पट्टा समजावला होता. “नाव न्हाई आठवत,” तो म्हणाला, “पर मानूस चांगला हुता.” त्या नाव नसलेल्या इंजिनिअराने आपल्या सोसायटीची ठेव नेमकी जिथे पोचवायची तिथे पोचविली होती.

तिसरे काम आहे लोकांना खरे ते सांगण्याचे. सांगलीकरांना हे लवकर पटेल. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की विचारतो, “आयर्विनला किती फूट?” ४५ फुटांवर धोक्याची पातळी, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरला आणि वाद सुरू झाला. कोणी म्हणे अलमट्टीच्या फुगवट्याने, कोणी म्हणे कोयनेचे पाणी वेळेवर सोडले नाही म्हणून, कोणी म्हणे नदीच्या पात्रात आम्हीच घरे बांधली म्हणून. सरकारने निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समिती अहवाल देते आणि संपते. संस्था कायम असते. पाऊस किती, पाणी किती, पात्र किती अरुंद, हे आकडे कुठल्याही पक्षाचा किंवा राज्याचा झेंडा न धरता, साध्या मराठीत, चावडीवर समजतील असे मांडणे हे काम इंजिनिअरांच्या संस्थेसारखे दुसऱ्या कोणाला जमणार नाही. ती बोलली नाही, तर अफवा बोलते.

मग आपण काय करावयाचे? गुरुजी, हा भाग खास तुमच्यासाठी. सांगलीत १९४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याला आज आपण वालचंद कॉलेज म्हणतो. कऱ्हाडला १९६० पासून सरकारी कॉलेज आहे. येत्या १५ सप्टेंबरला हार-तुरे थोडे कमी करा आणि तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला किंवा जवळच्या अनुभवी इंजिनिअराला शाळेत बोलवा. भाषण ठेवू नका. मुलांना आणि गावातल्या दोन-चार गवंड्यांना घेऊन त्याला शाळेच्या भिंतीपाशी उभा करा, आणि विचारा : हिला आरपार दगड आहे का? पट्टा आहे का? कोपरा गुंफलेला आहे का? ही भेग नुसत्या गिलाव्याची की भिंतीची? चार मुलांनी हे एकदा पाहिले की घरी जाऊन ती बापाला विचारतील.

आणि ग्रामपंचायतीत नव्या बांधकामाचा ठराव येईल तेव्हा एक ओळ त्यात घालावयास सांगा : नकाशावर ज्याची सही आहे त्याने पाया, पट्टा आणि छप्पर या तीन वेळी स्वतः कामावर यावे. सहीमागची जबाबदारी हेच म्हणते. फक्त ते मागणारे गावात कोणी नसते. सोसायटीचे कर्ज घरबसल्या कोणी आणून देत नाही, मागावयास जावे लागते. हेही तसेच आहे.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. आजोळचे घर मामांनी नव्याने बांधले, पट्टा घालून. मामी मात्र अजून अंथरूण दाराजवळच घालते. मी काही बोलत नाही.